नोव्हायच्या बंद घराचा तपास

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. अमुक घरफोडी मिरजेची की कराडची, हे आठवायला बायकोची मदत लागते. एक तपास मात्र आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि गंमत अशी की माझ्या सेवापुस्तकात त्याची एका ओळीचीही नोंद नाही. तो मी निवृत्तीनंतर केला, परक्या देशात केला, आणि डोक्यावर पोलिसी टोपीऐवजी माकडटोपी घालून केला. फिर्याद कुणी दिली नव्हती. आरोपी सापडला तेव्हा त्याला अटक करायची सोय नव्हती. माझ्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मी इथेही कुणाचं नाव लिहिणार नाही. लिहिलं तर दोन घरांत माझं जेवण बंद होईल.

दोन हजार चार सालचा एप्रिल. माझी लेक आणि जावई मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहत होते. जावई नागपूरचे, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. लेक सॉफ्टवेअरमध्ये. दोघंही वर्क व्हिसावर, आणि ग्रीन कार्डचा अर्ज नुकताच केलेला. त्या हिवाळ्यात त्यांनी तिथे घर विकत घेतलं होतं. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा. इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलंय." मला पटलं. मी आणि बायको तिकीट काढून महिन्याभरासाठी गेलो. मेच्या मध्यावर परतायचं होतं.

गेल्यावर कळलं की घर घेतलंय, पण मुलं अजून भाड्याच्या अपार्टमेंटमध्येच राहतात. नवीन घर गाडीनं पाच मिनिटांवर. पहिल्या रविवारी आम्हाला ते दाखवायला नेलं. दोन मजली, लाकडी, पुढे हिरवळ, आत नव्या गालिच्याचा वास. स्वयंपाकघरात ओट्यावर गणपतीचा फोटो आणि एक नारळ, बाकी सगळं रिकामं. खुर्चीसुद्धा नाही.

"राहायला कधी येणार?" मी विचारलं.

"वास्तुशांत झाल्यावर," लेक म्हणाली. "मे एंडचा सॅटर्डे निघालाय. त्याआधी मुहूर्त नाहीये. आणि आईंना वास्तुशांतीच्या आधी राहायला गेलेलं चालणार नाही."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, आमच्या नागपूरच्या विहीणबाई. त्या मेच्या शेवटी यायच्या होत्या. म्हणजे आम्ही परतल्यावर. मला जरासं लागलं, पण सासरची रीत आहे, आपण कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. बायको माझ्याकडे बघून हसली. तिच्या त्या हसण्याची दखल मी तेव्हाच घ्यायला हवी होती.

पोलीस निवृत्त होतो, त्याचे पाय निवृत्त होत नाहीत. मुलं कामावर गेली की मी रोज सकाळी चालत त्या घराकडे जायचो. तिकडे फुटपाथ अर्ध्या वाटेवर संपतो, पुढे गवतातून जावं लागतं. घराला एक चक्कर मारायची, मागचं दार ढकलून बघायचं, खिडक्यांच्या काचा, गॅरेजचं शटर तपासायचं. सुट्टीच्या दिवसांत बंद घरांवर गस्त घालायची आम्हाला सवयच असते. त्यात काही गैर आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

समोरच्या घरात एक पांढऱ्या केसांच्या बाई राहायच्या, सोबत एक लहानसा कुत्रा. त्या रोज पडद्याआडून माझ्याकडे बघायच्या, हे मी हेरलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या बाहेर आल्या. एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातात फोन.

"तुम्ही रोज या घराची दारं का ढकलता?" त्यांनी सरळ विचारलं.

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की हे माझ्या मुलीचं घर आहे आणि मी पोलीस अधिकारी आहे. त्यांनी माझी माकडटोपी, बायकोनं विणलेला स्वेटर आणि पायातले पांढरे बूट नीट न्याहाळले. त्यांचा विश्वास बसला नाही. मग मी पाकिटातला लेकीचा लग्नातला फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी फोन खिशात टाकला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आज पोलिसांनाच बोलावणार होते. अहो, या घरात कुणी राहतच नाही ना. परवा सिटीचा माणूस आला होता, घरपट्टी ठरवणाऱ्या असेसरच्या ऑफिसमधला, त्यालाही मी तेच सांगितलं."

"तो काय विचारत होता?"

"हेच की इथे कुणी राहतं का. यांनी होमस्टेड घेतलंय म्हणे."

खबर अशीच मिळते. आपण आंब्याची चौकशी करायला जावं आणि आंबेवाल्यानं शेजारच्या गोदामाबद्दल बोलून जावं. मी बाईंचे आभार मानले, कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि घरी येऊन जावई कामावरून परतायची वाट बघत बसलो.

जेवताना मी विषय काढला. "जावईबापू, होमस्टेड म्हणजे काय?"

जावई माणूस सरळ आहे. त्यांनी पोळी बाजूला ठेवून मला व्यवस्थित समजावलं. घरावर दरवर्षी सिटीचा कर बसतो. त्यातला एक मोठा भाग शाळांसाठी असतो. पण घर तुमच्या नावावर असेल, आणि तेच तुमचं मुख्य घर असेल, म्हणजे तुम्ही स्वतः तिथे राहत असाल, तर त्या भागात सूट मिळते. भाड्यानं देण्यासाठी घेतलेल्या घराला मिळत नाही. नवरा-बायकोंत मिळून एकाच घराला. मे महिन्याच्या एक तारखेपर्यंत मालकी हवी, राहणं हवं आणि अर्ज दाखल हवा, तरच त्या वर्षाची सूट. कागदावर त्याचं नाव नुकतंच बदललं होतं, पण सगळे अजून होमस्टेडच म्हणत.

"मग तुम्ही अर्ज केलाय?"

"हो ना. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर झालं त्या दिवशीच. इतके पेपर्स होते बाबा, एवढा गठ्ठा. ती बाई एकेक पुढे सरकवत होती, आम्ही साइन करत होतो. त्यातच होमस्टेडचं अ‍ॅफिडेव्हिट होतं."

"त्यात राहायला आल्याची तारीख लिहावी लागते?"

लेकीनं ताटातला भात कालवायला घेतला, तो कालवलेलाच होता.

"लागते," जावई म्हणाले. "आम्ही त्याच दिवसाची टाकली. मूव्ह तर होणारच होतो यार, आय मीन, बाबा. सगळेच तसं करतात."

"सगळेच करतात" हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा शिक्का करून घ्यायला हवा होता. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की तुम्ही राहत नाही, पण राहतो असं शपथेवर लिहून दिलंय. सिटीचा माणूस येऊन गेलाय आणि समोरच्या बाईंनी त्याला घर रिकामं असल्याचं सांगितलंय. आमच्या भाषेत याला खोटं प्रतिज्ञापत्र म्हणतात.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे आमचं. फॉल्स स्टेटमेंट असं कुठे रेकॉर्डवर आलं तर?"

आलं तर काय होतं, ते मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. पण नोकरी, व्हिसा, घर, सगळं एका सहीवर टांगलेलं तिला दिसत होतं, आणि ती भीती माझ्या पोरीच्या डोळ्यांत उतरली होती. सूट गेली तर पैसेच जाणार होते. ही भीती मात्र राहिली असती. एक मे जवळ येत होती. त्याआधी मुलं खरोखर राहायला गेली पाहिजेत आणि कागद खरा झाला पाहिजे, एवढं मी ठरवलं.

आडवा येत होता तो मुहूर्त. आणि इथे माझ्यातला जुना तपासी अंमलदार जागा झाला. कारण एप्रिलच्याच एका गुरुवारी अक्षय्य तृतीया होती. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी पंचांग उघडावं लागत नाही, हे आमच्या ठाण्यातल्या हवालदारालाही माहीत असायचं. मग नागपूरच्या जाणत्या विहीणबाईंना आणि गुरुजींना ती कशी दिसली नाही?

तिघांचे जबाब घ्यायचे तर वेगवेगळे घ्यावेत. एकत्र बसवले की जो मोठ्यानं बोलतो त्याचं म्हणणं खरं ठरतं. दुसऱ्या दिवशी जावयांना मी अपार्टमेंटच्या गॅरेजमध्ये गाठलं.

"मुहूर्ताआधी जायचं नाही हे कुणी ठरवलं?"

"आईनं."

"आई तुम्हाला स्वतः म्हणाल्या?"

जावयांनी डोकं खाजवलं. "मला नाही. हिला म्हणाली असेल. आईचं अन् माझं फोनवर तब्येत नि जेवण एवढंच होतं."

ऐकीव पुरावा. बाद.

मग मी फोनचं कार्ड खरवडून नागपूरला फोन लावला. आधी उन्हाची चौकशी केली, मग तिकडच्या संत्र्यांची. विहीणबाईंना संत्र्यांवर बोलायला आवडतं आणि साक्षीदाराला त्याच्या आवडीच्या विषयानं सुरुवात करून द्यावी. मग हळूच विचारलं.

"मी काऊन थांबवू बाप्पा त्यांना?" विहीणबाई म्हणाल्या. "घर घेतलं तर राहा म्हणावं सुखानं. सूनबाईच म्हणाली की गुरुजी म्हणतात मेच्या आधी मुहूर्तच नाही. मले वाटलं अमेरिकेत तारखा वेगळ्या असतील. त्या तारखेवरून तर मी तिकीट काढलं साहेब."

"अक्षय्य तृतीयेचं तुम्ही सुचवलं नाही?"

"सुचवलं ना. ती म्हणे गुरुवार आहे, गुरुजींना सुट्टी नसते."

आता राहिले गुरुजी. नोव्हायचे गुरुजी आठवडाभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करत आणि शनिवार-रविवार सत्यनारायण सांगत. मूळचे डोंबिवलीचे, वय चाळिशीच्या आत, अंगात कंपनीचं जाकीट. मी आणि बायको संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांना वाटलं काही पूजा ठरवायला आलोय, म्हणून त्यांनी चहाबरोबर चकल्याही ठेवल्या. होमकुंडाच्या जागी ओव्हनमधला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे कसा वापरतात, आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजू नये म्हणून त्यावर अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी कशी चढवतात, हे त्यांनी मोठ्या उत्साहानं सांगितलं. माणूस बोलका असला की चौकशीत निम्मं काम होतं.

"गुरुजी, अक्षय्य तृतीयेला तुम्हाला अडचण काय आहे?"

"काहीच नाही काका. पहाटे करून ऑफिसला जाईन की. दिवाळीत मी तेच करतो."

"मग वास्तुशांतीला मेअखेरपर्यंत मुहूर्त नाही असं का सांगितलंत?"

गुरुजींची चकली हातातच राहिली. "मी? काका, मी तर त्यांना चार तारखा दिल्या होत्या. त्यात अक्षय्य तृतीया पहिली होती. ताईच म्हणाल्या, मे एंडच्या आधी कुठलीच नको."

कुठली ताई, हे विचारायची गरज नव्हती.

परतताना गाडी चालवायला कुणी नव्हतं म्हणून आम्ही दोघं चालतच आलो. तीन साक्षीदार, तिघांनी बोट दुसऱ्याकडे दाखवलं, आणि सगळी बोटं फिरून एका माणसावर आली. नवऱ्याला तिनं सासूचं कारण सांगितलं, सासूला गुरुजींचं, गुरुजींना काहीच नाही. पद्धतशीर काम होतं. अशी आखणी मी सराईतांकडेही क्वचितच पाहिली होती. चौकशीत एकच माणूस मी सोडला होता, माझी स्वतःची लेक. घरचं माणूस म्हणून.

"तुला काही माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "पण अहो, कुठली मुलगी आपल्या पहिल्या घराची वास्तुशांत आई-बाप विमानात बसल्यावर ठेवते? तुम्ही लोकांच्या बुटांवरच्या चिखलावरून माग काढायचात. आपल्या परतीच्या तिकिटावरची तारीख नाही वाचता आली?"

नोकरीत मला दोन पदकं मिळाली होती. त्या संध्याकाळी ती दोन्ही परत करावीत असं वाटलं.

शनिवारी सकाळी मी लेकीला म्हटलं, चल, तुझ्या घरी जाऊन येऊ. आम्ही दोघंच गेलो. बसायला काही नव्हतं म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. मी एकही प्रश्न विचारला नाही. नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगायचो, की प्रश्नाला उत्तर मिळतं, पण गप्प बसलं की कबुली मिळते. ती खिडकीबाहेर बघत राहिली, मग गालिच्यावरचा दोरा ओढत राहिली.

"बाबा, प्लीज, हा तुमचा इंटरॉगेशन मोड बंद करा."

मी तरी गप्पच.

"गुरुजींचा फोन आला होता मला. ही वॉज सो स्केअर्ड." ती थोडी हसली आणि मग हसता हसता रडायलाच लागली. "मला तुम्हाला सांगताच येत नव्हतं, बाबा. मी इथे आले तेव्हा तुम्ही एअरपोर्टवर म्हणाला होतात, दोन वर्षं, मग परत. मी हो म्हटलं होतं. मग प्रत्येक दिवाळीला म्हटलं, नेक्स्ट इयर. आई सांगते, तुम्ही माझी खोली अजून तशीच ठेवलीय. दर रविवारी स्वतः झाडता. टेबलावरची माझी पुस्तकंसुद्धा तशीच आहेत."

"आहेत."

"मग मी कसं सांगू की मी येत नाहीये? घर घेतलं तेव्हा इन्व्हेस्टमेंट म्हटलं. पण वास्तुशांत करायची, दूध उतू घालायचं, तुमच्यासमोर म्हणायचं की हे माझं घर, ते मला जमलंच नसतं. म्हटलं तुम्ही गेल्यावर करू. तुम्ही एप्रिलमध्ये यायचं ठरवलंत, म्हणून मीच सगळ्यांना थांबवलं. ते अ‍ॅफिडेव्हिट साइन करतानाही माझा हात थांबला होता. हेच मुख्य घर, असं लिहिलेलं होतं त्यात. त्याला वाटलं मी स्पेलिंग चेक करतेय."

मला वाईट वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पोर परत येणार नाही, हे मला आतून केव्हाच कळलं असावं, पण कळणं आणि तोंडावर ऐकणं यात फरक आहे. त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की अख्खं ठाणं ज्या आवाजाला दचकायचं त्या आवाजाला माझी लेकही अजून दचकत होती. आणि मग, खरं सांगतो, मला हसू आलं. मला फसवायला तिनं नवरा, सासू आणि गुरुजी अशी तीन माणसं कामाला लावली होती, आणि तिघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. रक्त माझंच होतं.

"नवरा, सासू, सरकार, तू तीन ठिकाणी थापा मारल्यास," मी म्हटलं. "मला मारलीस ती धरून चार. ते घरातलं आहे, मिटेल. सरकारला मारलेली तेवढी मागे घ्यायची. आणि गुरुवारी आपण दूध उतू घालायचं."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलोय. पण गुरुवारच्या आत सामान हलवायचंय, नंतर बघू."

मग आमची धावपळ उडाली. जावयांनी मित्रांना बोलावलं. पुणे, नागपूर, मुंबई सगळीकडची पोरं आपापल्या गाड्या घेऊन आली आणि "काका, तुम्ही फक्त उभे राहा" म्हणत पलंग, गाद्या, मिक्सर, कुकर वाहून नेऊ लागली. मी दारात उभा राहून बंदोबस्ताची जबाबदारी घेतली. भांड्यांची खोकी बायकोनं कुणाला हातच लावू दिली नाहीत. समोरच्या बाई कुत्र्यासह येऊन बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना गुरुवारचं आमंत्रण दिलं.

अक्षय्य तृतीयेच्या पहाटे गुरुजी कंपनीच्या जाकिटाखाली सोवळं नेसून आले. ते गाडीतून उतरताना समोरच्या बाईंनी दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. मग धीर करून आल्या. विहीणबाई नागपूरहून स्पीकरफोनवर हजर होत्या आणि गुरुजींचा एखादा मंत्र घाईत गेला की तिकडून खाकरायच्या. त्यांना लेकीनं आदल्या दिवशीच सगळं खरं सांगितलं होतं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मले सांगायचं होतं पोरी, मी तुझ्या बाबांना दुसरी थाप मारली असती." मोठी वास्तुशांत त्या आल्यावर, ठरल्या शनिवारी पुन्हा करायची असं ठरलं. त्यांचं तिकीट वाया गेलं नाही.

दूध उतू जायची वेळ आली तेव्हा लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिकडच्या काचेच्या सपाट शेगडीवर दूध पटकन उतू जात नाही, आपण बघत राहिलो की तर नाहीच. सगळे भांड्याभोवती उभे होतो. शेवटी ते फसफसून वर आलं, शेगडीवर सांडलं, करपलं, आणि बायकोनं पहिल्यांदा आपल्याच हातानं हळदीकुंकू लेकीच्या ओट्याला लावलं. समोरच्या बाई घाबरून म्हणाल्या की दूध सांडलं. जावयांनी त्यांना सांगितलं की त्यासाठीच तर सगळे जमलेत. त्यांनी शिऱ्याची दुसरी वाटी मागून घेतली.

राहिलं सिटीचं ऑफिस. दुसऱ्या दिवशी नाश्ता करताना जावई म्हणाले, "बाबा, आता तर आपण राहायला आलो. एक मेच्या आत आलो. आता ते जुनं उकरून काढायची काय गरज आहे? कोण विचारतंय?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "मी जाऊन सांगणार आहे. मला दर वेळी मेलबॉक्स उघडताना घाबरायचं नाहीये."

मला फार बरं वाटलं. असल्या वेळी बापानं मध्ये पडू नये, म्हणून मी फक्त गाडीत जाऊन बसलो.

काउंटरवर चष्मा नाकावर आलेल्या एक प्रौढ बाई होत्या. आमच्याकडे कारकुनासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न असतो "काय आहे?" यांनी "आज काय मदत करू?" विचारलं. शब्द वेगळे असले तरी डोळ्यांतला थकवा तोच होता. लेकीनं एका दमात सांगून टाकलं, की आम्ही घर घेतलं त्या दिवसाची तारीख लिहिली होती, ती चूक होती, आम्ही राहायला काल आलो. ते दुरुस्त करायचंय आणि अर्ज नव्यानं द्यायचाय. जावई शेजारी उभे राहून काउंटरची कड घट्ट धरून होते.

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "तुमच्या घराबद्दल आमच्याकडे नोंद आहे. कुणी राहत नाही अशी. पुढच्या आठवड्यात नाकारल्याचं पत्र निघालं असतं." मग त्यांनी चष्मा वर केला. "लोक सहसा ते पत्र मिळाल्यावर येतात. आणि मग भांडतात."

त्यांनी कोरा अर्ज पुढे केला. नव्या पत्त्यावरचं लायसन्स करून घ्या, विजेचं बिल नावावर करा, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येईल, एवढं सांगितलं. ग्रीन कार्डाचा विषय लेकीनं भीत भीत काढला, तेव्हा त्या म्हणाल्या की त्याचं आपल्याला काही माहीत नाही, आपण फक्त घरं बघतो. तुम्ही स्वतः येऊन चूक सुधारली, ही नोंद मी करते. मग भरलेला अर्ज वाचताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दुसरं कुठलं घर आहे का, ज्याला तुम्ही आपलं मुख्य घर म्हणता?

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. मला ते कळलं, कारण मी तिच्याकडेच बघत होतो.

"नाही," ती म्हणाली. "हेच एक."

मी भिंतीवरची कचरा उचलण्याच्या वारांची सूचना फार लक्षपूर्वक वाचायला लागलो.

या तपासानं मला काय शिकवलं, असं आता कुणी विचारलं तर सांगतो. माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मीही पुढच्यांना तेच शिकवलं. निम्म्या वेळा ते खरं असतं. उरलेल्या वेळी तो दुसऱ्या कुणाला तरी जपत असतो, आणि कुणाला जपतोय ते आपल्याला कळलं की पुढची केस आपोआप उलगडते. इथे ती मला जपत होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी रस्त्यावरच्या भिकाऱ्यापासून आमदाराच्या भावापर्यंत सगळ्यांना संशयितांत धरलं, फक्त स्वतःला कधी धरलं नव्हतं.

मेच्या मध्यावर आम्ही पुण्याला परतलो. आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी झाडू घेतला आणि लेकीच्या खोलीत गेलो. पुस्तकं खोक्यांत भरून शेजारच्या सोसायटीतल्या वाचनालयाला दिली. टेबल वॉचमनच्या मुलीला दिलं, ती दहावीला होती. माझा पलंग तिथे हलवला, कारण त्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि माझे गुडघे आता ऊन मागतात. संध्याकाळी फोन करून लेकीला तसं सांगितलं.



ती म्हणाली, "बाबा, तो पडदा पण बदला. बारावीत मी निवडला होता. हॉरिबल आहे तो."